हरणाआत्याच्या कळपातली चार-दोन माणसं

तुम्हाला कुणी मेंढरासारखं हाकलं, तर तुम्ही जाताना त्याच्या पाया पडाल का?

नाही ना? भांडाल. दोन शिव्या हासडाल. मीही हासडल्या असत्या. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी भांडूनच शहाणी झालेय, कायद्याची पुस्तकं वाचली तीपण भांडणापुरतीच. पण आमच्या नळदुर्गात एक बाई आहे. तिनं डॉक्टर हाकले, वकील हाकले, सोलापूरच्या कॉलेजातली पोरंपोरी हाकली, हैदराबादेहून चार गाड्या भरून आलेलं अख्खं वऱ्हाड नवरानवरीसकट हाकलं. आणि ही सगळी माणसं जाताना तिच्या पाया पडून गेली. एक जण तर म्हणाला, "पुढच्या साली आईला घेऊन येतो मावशी, तिलाही असंच हाका."

ती हरणाबाई. गाव तिला हरणाआत्या म्हणतं. वय विचारू नका, ती सांगायची नाही. साठीच्या अलीकडंपलीकडं कुठंतरी असेल. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखी, पायात टायरच्या वहाणा, हातात काठी, आणि आवाज असा की हायवेवरचा ट्रकवालापण आपला हॉर्न बिघडला की काय म्हणून खाली उतरून बघेल. तिचं काम किल्ला दाखवायचं. तिला विचारलं तर ती छाती पुढं काढून एकच शब्द सांगते, "गाईड."

आत्या अन् तिचा नवरा धुळाप्पामामा, दोघंही मेंढरांमागं जन्म काढलेली धनगराची माणसं. पोरपणापासून आत्यानं किल्ल्यातल्या गवतावर मेंढरं चारली. पुढं रानं कमी झाली, मामांचा गुडघा गेला, कळप विकावा लागला. कळप गेला तरी आत्याचे पाय रोज किल्ल्याकडंच जायचे. असंच एकदा ती आत बसली असताना एका शाळेची सहल आली. सर नवे, किल्ला मोठा. अर्ध्या तासात दोन वर्ग गायब. सर बुरुजाखाली उभं राहून रडायला लागले. आत्या उठली, बुरुजावर चढली, तोंडाला हात लावला आणि मेंढरं गोळा करायची हाळी दिली, "हुर्रर्रर्र, हाऽऽ, ड्यॅ ड्यॅ ड्यॅ!" जिथून तिथून, भुयारातून, तटावरून, चिंचेवरून पोरं पळत आली. एकपण मागं राहिलं नाही. सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई, आता पुढचा किल्लापण तुम्हीच दाखवा." झाली गाईड!

तिची पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. माणसं दारात आली की आधी ती त्यांना गप उभं राहून बघते. सगळ्यांत जास्त बोलणाऱ्याला मागं घालते. जो गप असतो आणि पाय नीट टाकतो, त्याला पुढं. "बडबड्या बोकडाला म्होरं घातलं की अख्खा कळप खड्ड्यात," असं तिचं म्हणणं. आमच्या पुढाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे, पण ते असो.

माहितीपण तिची तिचीच. नवबुरुजापाशी नेऊन सांगते, "ह्या बुरजाला नऊ पाकळ्या. कामून? तोफा फिरवायला, आसं शिकल्यालं लोक म्हंत्यात. आसंल बाबा. पर म्या सांगते ते बगा. दिस उगवल्यापासून मावळंपतुर ह्यातल्या एका न एका पाकळीत सावली ऱ्हाती. सकाळी मेंढरं हितं, दुपारी तितं. राजाच्या मनात तोफ आसंल, बुरजाच्या मनात मेंढरूच व्हतं." लोक हसतात, आणि मग खरंच सावली बघायला लागतात.

आता तिची खोड सांगते. ह्या खोडीपायीच हे सगळं रामायण झालं.

मेंढरं किती आहेत, हे मेंढरंवाला कधी सांगत नाही. विचारणारा पाहुणा असो नाहीतर फौजदार. आकडा तोंडातून गेला की नजर लागते आणि कळप घटतो. आत्याच्या सासऱ्यानं म्हणे एकदा जावयापुढं तोरा मिरवायला आकडा सांगितला आणि त्याच आठवड्यात लांडग्यानं तीन कोकरं नेली. तेव्हापासून त्यांच्या घरात कितीही मेंढरं असली तरी उत्तर एकच. "हैत चार-दोन, बिरोबाच्या किरपेनं."

मेंढरं गेली, खोड राहिली. आता कळप पर्यटकांचा. दिवसाला शंभर माणसं फिरवून आली तरी विचारा, "आत्या, आज किती?" "आलीवती चार-दोन."

मग मोजल्याशिवाय कुणी मागं राहिलं तर कळतं कसं? तर ती मोजत नाही, वळखते. दारातून आत जाताना एकेकाचं चालणं डोळ्यात भरून घेते. बाहेर येताना जे चालणं दिसलं नाही, ते हरवलं.

आमच्या किल्ल्याच्या दारात शांतलिंगचं चहाभज्यांचं दुकान आहे. ह्या बाबाचं तोंड म्हणजे फुटकी टाकी. वीस सालच्या सव्वीस जानेवारीला किल्ल्यात तोबा गर्दी झाली. शांतलिंग बाकड्यावर उभा राहून ओरडला, "दीड हजार! दीड हजार माणूस आलंय आज!" आत्यानं कपाळाला हात लावला. "आरं मुडद्या, मोजलंस व्हय?" आणि मार्चमध्ये किल्ल्याला कुलूप लागलं.

तेव्हापासून आत्याचं ठाम मत आहे. टीव्हीवाले काहीही सांगू द्यात, कोरोना शांतलिंगच्या तोंडातून आला. शांतलिंगनं तीन वेळा माफी मागितली, एक नारळही फोडला.

कुलूप लागलं आणि आमचं नळदुर्ग गपगार झालं. मोठ्या गावांच्या मोठ्या हॉटेलवाल्यांचे हाल पेपरात छापून यायचे. आमचा नारळपाणीवाला, फोटोवाला, घोडेवाला, भजेवाला आणि एक गाईड बाई यांचा कुठंच पत्ता नव्हता. आत्या घरात बसून बेजार झाली. धुळाप्पामामा म्हणजे दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्यांनी मला रस्त्यात थांबवलं.

"वर्षे, कायतरी कर बाय. ही मला घर दाखवायलीय."

"म्हणजे?"

"सकाळी उठीवती. 'मागं मागं या' म्हंती. ही चूल. चुलीच्या उत्तरंला मोरी. मोरीचा इतिहास सांगती."

"मग तुम्ही काय करता?"

"जातो मागं मागं," मामा म्हणाले. "न्हाय गेलो तर हाळी देती."

मग मी समिती काढली. समितीशिवाय कचेरीत खुर्ची मिळत नाही, हे मला माहीत आहे. अर्ज लिहिले, निवेदनं लिहिली. उत्तर आलं नाही तेव्हा किल्ल्याच्या रस्त्यावर खडूचे गोल आखून धरणं धरलं, एका गोलात एक माणूस. हवालदार आले, म्हणाले, "ताई, पाचाच्या वर जमायचं नाही." मी म्हणाले, "प्रत्येक गोलात मोजा, एकाच्या वर निघालं तर आत टाका." त्यांनी खरंच मोजलं. शांतलिंग तेवढ्यात त्यांना चहा विचारायला गोलाबाहेर आला म्हणून आमचं धरणं मोडलं, नाहीतर मी हटणारी नव्हते.

पण आवाज पोचला. जुलैत निरोप आला की पर्यटनावर पोट असणाऱ्यांची यादी तालुक्याला होतेय. यादीत नाव आलं तर बंदीच्या काळात शिधा मिळणार, थोडी मदत मिळणार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओळखपत्र. किल्ला उघडेल तेव्हा ज्याच्या गळ्यात ते ओळखपत्र, त्यालाच माणसं घेऊन आत जाता येणार. ज्याच्याकडं नाही, तो दाराबाहेर.

आत्यासाठी हे जगण्यामरण्याचं होतं. तिचा मुलगा रामहरी पुण्याकडं कंपनीत आहे. चांगला पोरगा. तो फोनवर सारखा म्हणत होता, "आई, आता बस झालं. इकडं ये, नातू सांभाळ." आत्यानं त्याला विचारलं, "कितव्या मजल्यावर ऱ्हातो तू?" "तिसऱ्या." "तिसऱ्या मजल्यावर म्या कुनाला हाकू?" नातवावर तिचा जीव आहे, पण किल्ला सोडला तर ती सहा महिन्यांत वाळून जाईल, हे मला दिसत होतं, मामांना दिसत होतं. म्हणून यादीत नाव आलंच पाहिजे होतं.

अर्ज भरायच्या दिवशी मी दुसऱ्या गावी रेशनच्या भांडणात होते. तिथंच घात झाला. अर्जात रकाना होता : दरवर्षी अंदाजे किती पर्यटकांना सेवा दिली? शांतलिंगनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "दोन लाख." एवढी माणसं त्याच्या कढईत बसायची नाहीत! पण लिहिलं गेलं, मंजूरही झालं.

मागून आत्या. खिडकीच्या आत शिवलिंगप्पा भाऊसाहेब. साधा माणूस, खालमानेनं लिहिणारा.

"किती पर्यटक, आत्या?"

"हैत चार-दोन, बिरोबाच्या किरपेनं."

"नीट सांगा. वर्षाचे."

"वर्साचंच सांगायले की. चार-दोन."

भाऊसाहेबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बिरोबाची कृपा तेवढीच. शेवटी त्यांनी लिहिलं, चार.

पंधरा दिवसांनी कागद आला. वर्षाला चार पर्यटक हा व्यवसाय म्हणता येत नाही, सबब नाव समाविष्ट करता येत नाही. मी तो कागद वाचला आणि माझं डोकं असं फिरलं की स्कुटी चालू न करताच दहा पावलं ढकलत नेली. कचेरीत जाऊन मी खिडकीवर थाप मारली.

"भाऊसाहेब, चार? वर्षाला चार?"

"ताई, ओरडू नका. त्या म्हणाल्या चार-दोन. मी तर त्यातला मोठा आकडा धरला!"

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आतून साहेबीण आल्या. आरोही मॅडम. नव्या, तरुण, डोळ्यावर मोठा चष्मा आणि त्यावर मास्कमुळं सारखी वाफ. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "साधी गोष्ट आहे. अर्जदारांना घेऊन या, त्यांनी समोर आकडा सांगितला की मी लगेच दुरुस्ती करते."

मी म्हणाले, "मी सांगते. पाच हजार."

"तुम्ही अर्जदार नाही, वर्षाराणीताई."

ठरलं. सोमवारी आत्याला स्कुटीवर मागं बसवलं आणि नळदुर्गातून निघाले. रस्ताभर तिची शिकवणी.

"आत्या, काही मोठं नाही. फक्त 'हजार' म्हणायचं."

"ह..."

"हजार!"

"ह... हवा लई सुटलीय गं."

"आत्या!"

"म्हंते की. दम धर. ह... हरभरा पेरला का गं हितं कुनी?"

पुढं एका वळणावर मी गाडीच थांबवली. राग आला होता. "आत्या, एक शब्द! एका शब्दावर तुमचा किल्ला अडलाय. तुम्हाला कळतंय का?"

आत्या गाडीवरून उतरली. पदरानं तोंड पुसलं. "कळतंय की. पर वर्षे, म्या हजार म्हनले, यादीत नाव आलं, गळ्यात ते कारडबी आलं. आन उद्या किल्ला उघडला आन कुनीच आलं न्हाय तर? मंग म्या काय करू त्या कारडाचं?"

मी म्हणाले, "एवढ्या बारी म्हणा, मी शांतलिंगकडून पाच नारळ फोडून घेते."

"पाच?" आत्या म्हणाली. "बरं. म्हंते."

कचेरीत मॅडमनी स्वतः खुर्ची दिली. भाऊसाहेब पेन उघडून तयार. मी मागं उभी राहून देवाचं नाव घेत होते, जो कुठला ऐकेल त्याचं.

"हरणाबाई, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "वर्षाला साधारण किती लोकांना तुम्ही किल्ला दाखवता?"

आत्यानं घसा साफ केला. माझ्याकडं बघितलं. भाऊसाहेबांकडं बघितलं. वर पंख्याकडं बघितलं.

"हैत," आत्या म्हणाली, "चार-दोन."

मी भिंतीवर डोकं टेकलं. भाऊसाहेबांनी पेनचं टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर 'बघा, मी सांगत नव्हतो?' असं समाधान होतं, मास्कच्या वरून दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, "मग मी काही करू शकत नाही." पण त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी बोलणं वाढवलं. "गुरुवारी आम्ही किल्ल्याची पाहणी करायला येतोच आहोत. उघडायचा झाला तर काय काय करावं लागेल ते बघायला."

"तुमाला दाखवनार कोन?" आत्यानं विचारलं.

"नकाशा आहे आमच्याकडे."

"नकाशात पावसाळा हाय का?"

"म्हणजे?"

"बोरी नदी भरून चालली. नर आन मादी दोनी धबधबं पडायलेत. कुठली पायरी शेवाळली, कुठल्या दारात पानी आलं, ते हाय का नकाशात?" आत्या खुर्चीतून उठली. "म्या दाखवते. आकडाबिकडा ऱ्हाऊ द्या. मंग ठरवा, म्या गाईड हाय का न्हाय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "या गुरुवारी," म्हणाल्या.

गुरुवारी तीन गाड्या आल्या. मॅडम, भाऊसाहेब, एक इंजिनियर, दोन हवालदार, मोजणीवाले, कचेरीचा फोटोवाला. मी मनातल्या मनात मोजले, अकरा. तोंडातून काढले नाहीत, माझ्यावरपण आता परिणाम झाला होता.

आत्यानं त्यांना दारात उभं केलं आणि काठी आडवी धरली. "दोन काठ्यांचं आंतर. एकाला एक चिटकायचं न्हाय. कळपात खरूज शिरली की मेंढरं आशीच चालवायची. वारं पश्चिमेचं हाय, जो खोकतो त्यानं पूर्वेच्या कडंनं चालायचं." कुणीतरी हळूच खोकलं आणि गुमान पूर्वेला गेलं.

इंजिनियरसाहेब आल्यापासून हातातला नकाशा वाचून सगळ्यांना समजावत होते. आत्यानं काठीनं त्यांना शेवटी घातलं. "तुमी मागं. शेवटाला शाना मानूस लागतो." खूश झाले ते. गप्प उभ्या असलेल्या हवालदाराला पुढं घातलं.

"आणि मी?" मॅडमनी विचारलं.

"तुमी मधी. मधलं मेंढरू सगळ्यात सुखी."

मला वाटलं आता संपलं, यादी गेली, समिती गेली. मॅडम मुकाट मधे जाऊन उभ्या राहिल्या.

निघाला कळप. सावलीच्या पाकळ्या बघून झाल्या. मग बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल. आत पाण्याचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं आत्या काठी दगडावर आपटून बोलते. एक ठोका थांबा, दोन ठोके चला, तीन ठोके डोकं वाकवा. सगळे साहेब लोक ठोक्यावर वाकत होते! खिडकीपाशी आले तर समोर पाण्याचा पडदा, वाऱ्यानं फवारा आत. मास्क भिजले, फायली भिजल्या. हवालदारसाहेब ओरडले, "आई गं!" आणि मग लहान पोरासारखे हसायला लागले. ते हसले म्हणून मोजणीवाले हसले. इतक्या महिन्यांत मी इतकी मोठी माणसं एका जागी हसताना बघितली नव्हती. मॅडमनी चष्मा काढून पिशवीत टाकला आणि दोन्ही हात त्या पाण्यात घातले. कुणी फोटोपण काढला नाही, कारण फोटोवालाच सगळ्यांच्या पुढं भिजत उभा होता.

तिथून उत्तरेच्या अंगाला, उपळी बुरुजावर. पायऱ्या उभ्या, डोकं गरगरवणाऱ्या. वर तोफ आणि चहूकडं हिरवंगार. आत्या सांगत होती, "हितून आमच्या सासऱ्यानं..." आणि मधेच थांबली. डोळे बारीक केले.

"एक न्हाय."

मी मोजायला लागले. माझं पाचावर यायच्या आत ती म्हणाली, "लिवनारं भाऊसाब न्हाईत. डावा पाय जरा घासत चालत्यात ते. पायऱ्यांवर तो आवाजच आला न्हाय."

इंजिनियरसाहेब शेवटी होते. त्यांनी मागं वळून बघितलं. खरंच कुणी नव्हतं.

आत्या तटाच्या कडेला गेली. तोंडाला हात. "हुर्रर्रर्र, हाऽऽ, ड्यॅ ड्यॅ ड्यॅ!"

खालून, अंबारखान्याच्या अंधारातून आवाज आला, "आलो! आलो!" आणि आमचे शिवलिंगप्पा भाऊसाहेब, एका हातात डबा, दुसऱ्या हातात अर्धी पोळी, मास्क हनुवटीवर, पायऱ्यांवरून धावत वर आले. शपथ सांगते, धावत! कारण त्या हाळीत असं काही आहे की पाय आधी निघतात आणि डोकं मागून येतं. डोकं आलं तेव्हा भाऊसाहेब बुरुजाच्या टोकावर होते. त्यांनी खाली बघितलं. पोळी सुटली. त्यांनी तोफेला मिठी मारली.

"मला उंचीवर चक्कर येते," तोफेला गाल लावून ते म्हणाले. "म्हणून खाली थांबलो होतो."

"मग आलात कशाला?" मॅडमनी विचारलं.

"त्यांनी बोलावलं, मॅडम!"

आता त्यांना उतरवायचं कसं? हवालदार म्हणाले उचलू. इंजिनियर म्हणाले दोर मागवू. आत्या म्हणाली, "सरका." ती भाऊसाहेबांजवळ बसली. "भाऊसाब, मेंढरू कड्यावर आडकलं की त्याला खाली बगू द्यायचं न्हाय. म्होरल्याच्या शेपटीकडं बगू द्यायचं. ह्या इंजनेरसाबांना म्होरं घालते. तुमी निस्तं त्यांच्या पाटीमागं बगायचं. दुसरीकडं डोळं गेलं तर काठी बसंल."

आणि तसेच उतरले. पुढं इंजिनियरसाहेब, अंग चोरून, कारण आपल्या कुठल्या भागाकडं सरकारी नजर लागलीय हे त्यांना माहीत होतं. मागं भाऊसाहेब, पापणी न लववता. शेजारून आत्या, "चला, चला, गुणाचं माझं, चला." वर मॅडम हसू आवरत नाही म्हणून तोफेच्या आड जाऊन बसल्या होत्या.

खाली आल्यावर भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या देखत आत्याच्या पायाला हात लावला. "मॅडम," ते म्हणाले, "ही बाई गाईड नसेल तर मी कारकून नाही."

मॅडमनी आत्याला बाजूला घेतलं. "न मोजता कसं कळलं?" आत्यानं सांगितलं. "आणि मग आकडा का सांगत नाही?" तेव्हा आत्यानं तेही सांगितलं, सासऱ्याची तीन कोकरं, शांतलिंगचे दीड हजार, सगळं. मॅडम हसल्या नाहीत. भाऊसाहेबांना म्हणाल्या, "नियमात काय लिहिलंय? अर्जदारानंच आकडा सांगायचा?"

"किंवा पर्यटकांचे लेखी जबाब, मॅडम. कलम तीन, पोटकलम ब."

"हे इतके दिवस का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

त्याच माणसानं पंधरा मिनिटांपूर्वी तोफेला मिठी मारली होती, म्हणून सोडला.

तिथंच गाडीच्या बॉनेटवर अकरा जबाब लिहिले गेले. भाऊसाहेबांचा सगळ्यांत लांब, दोन पानं, त्यात 'सुखरूप' हा शब्द चार वेळा. पण मॅडम म्हणाल्या, "हे सगळे आमचेच लोक, एकाच दिवसाचे. आधीच्या वर्षांतल्या पर्यटकांचे जबाब हवेत. मी फाईल डिसेंबर संपेपर्यंत उघडी ठेवते. आणा."

आणायचे कुठून? आत्यानं कधी कुणाचं नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही. तिला तुमचं चालणं आठवतं, नाव आठवत नाही. मी तिला विचारलं, पत्रं आली तर चालतील ना, त्यातून नजरबिजर? ती म्हणाली, "दुसऱ्यानं लिवलं तर कुठं काय व्हतंय? पोस्टमननं आनावी, तू गठ्ठा बांध. म्या मोजनार न्हाय म्हंजे झालं." आणि मग, "पर येतील का गं?"

हे मी लिहिते आहे तेव्हा दिवाळी चार दिवसांवर आलीय आणि किल्ल्याला कुलूप आहे. गठ्ठ्यात अकरा कागद आहेत.

म्हणून आता तुम्हाला सांगते, विनंती समजा नाहीतर हक्कानं मागणं समजा. गेल्या दहा-बारा वर्षांत नळदुर्गचा किल्ला बघताना काठी घेतलेल्या एका बाईनं तुम्हाला हाकलं असेल, तर एक साधा कागद घ्या. तुमचं नाव, गाव, कोणत्या साली आला होतात, बरोबर कोण होतं आणि तिनं तुम्हाला काय दाखवलं, हे आपल्या हातानं लिहा आणि खाली सही करा. मोबाईलवर पाठवू नका, कचेरीला कागदच लागतो. पाकिटावर लिहा : हरणाबाई धुळाप्पा, किल्ल्याजवळ, नळदुर्ग, जिल्हा उस्मानाबाद. पोस्टमनला घर माहीत आहे. आजच टाका.